पेशीतले रफूकाम

उन्हात फिरलो की कातडी रापते, एवढेच आपण म्हणतो. आत काय चालते ते कळले तर थक्क व्हायला होते. मी मराठी माध्यमातला बी.ए., शास्त्र शिकवण्याचा मला अधिकार नाही. तरी २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल ज्या तिघांना मिळाले, त्यातल्या अझीझ सँजार यांच्याविषयी वाचायला घेतले आणि गुंतत गेलो. तुर्कस्तानातल्या सावूर गावी निरक्षर आईवडिलांच्या पोटी जन्मलेला हा माणूस! (आम्हा मास्तरांना अशा गोष्टी आवडतातच.)

अतिनील किरण डीएनएवर पडले की शेजारशेजारची दोन अक्षरे एकमेकांना चिकटतात. गाठ तशीच राहिली तर पुढची नक्कल चुकते. मग प्रथिने कामाला लागतात. एक्सपीसी नावाचे प्रथिन धाग्यातला वाकडेपणा हुडकते, दुसरी काही तिथला पीळ उसवतात, एक्सपीएफ आणि एक्सपीजी गाठीच्या दोन्ही बाजूंना कात्री चालवतात. सुमारे ३० अक्षरांचा तुकडा गळून पडतो आणि समोरच्या धाग्यावर बघून नवा विणला जातो. अगदी रफू! नुकसान फारच झाले तर पी५३ हे प्रथिन त्या पेशीलाच मरायला लावते. उन्हाने भाजून कातडी सोलवटते ना, ते बरेचसे हेच.

आता मुद्दा. हे रफूकाम जन्मतःच बिघडलेले असले तर झेरोडर्मा पिग्मेंटोसम हा रोग होतो, हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ साली दाखवले. अशा मुलांच्या अंगावर उन्हाने ठिपके उठतात, कोवळ्या वयात त्वचेचा कर्करोग होतो. पण दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच. दोघेही वाहक असले तर दर मुलामागे चारात एक शक्यता. जवळच्या नात्यातली लग्ने जिथे अधिक, तिथे असे योग अधिक जुळून येतात.

आणि आपल्याकडे तर मामाची मुलगी हक्काची! "घरचीच पोर, पत्रिका कशाला बघायची?"

रोग फार दुर्मिळ आहे, मान्य. "आजीआजोबांचे नात्यातच झाले, काय बिघडले?" हेही खरे. पण हाच हिशेब थॅलसेमियालाही लागू आहे, आणि तो काही दुर्मिळ नाही.

आपल्या घरात सध्या दोन स्थळांची बोलणी चालू आहेत, दोन्ही नात्यातली. बैठकीत मी विरोधात बोलणार आहे. ज्यांना रुसायचे आहे त्यांनी आधीच रुसून घ्यावे, चहाच्या वेळेला नको.