गाडीतला नकाशा: पैसे भरून ताजा करावा का?

गाडी सर्व्हिसिंगला दिली की बिल हातात ठेवताना एक गोष्ट हळूच सुचवली जाते. "साहेब, नेव्हिगेशनचा मॅप जुना झालाय, अपडेट करून घ्या." हे काम कुठे फुकट होते, कुठे त्याचे काही हजार रुपये मागतात. गाडीला इतके लाख घातले, त्यात हे थोडे, असे म्हणून माणूस हो म्हणून टाकतो. माझे मत सरळ आहे. फुकट असेल तर जरूर करून घ्या. पैसे मागत असतील तर वसई-विरारमध्ये राहणाऱ्याने ते देऊ नयेत.

आधी हे यंत्र समजून घेऊ. डॅशबोर्डवरच्या स्क्रीनमागे दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक भाग उपग्रहांचे सिग्नल पकडून गाडी या क्षणी कुठे आहे ते सांगतो. त्याला इंटरनेट लागत नाही आणि नकाशा जुना झाला म्हणून तो बिघडत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे मेमरीत भरलेला नकाशा. तो ज्या दिवशी भरला, त्या दिवशीच थांबतो. आपल्याकडच्या अनेक गाड्यांत हा नकाशा मॅपमायइंडियाचा असतो. ही कंपनी १९९५ पासून याच कामात आहे, तेव्हा शंका तिच्या कामाबद्दल नाही. तिचे ताजे काम तुमच्या गाडीत कधी आणि किती पैशांत पोहोचते, हा खरा प्रश्न आहे.

आता आपल्या भागाकडे बघा. २००९ मध्ये इथे महानगरपालिका झाली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला. ज्या हायवेला आपण वर्षानुवर्षे आठ नंबर म्हणत होतो, तो सरकारी कागदावर ४८ नंबर झाला. वर्सोवा पुलाशेजारी नवा पूल २०२३ मध्ये सुरू झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर रो-रो बोट आली. एप्रिल २०२५ मध्ये विरारजवळच्या मारंबळपाड्याहून जलसारला गाड्या नेणारी बोट सुरू झाली. रस्त्याने साधारण ६० किलोमीटरचा वळसा, आणि पाण्यातून जेमतेम दीड किलोमीटर. २०२२ च्या गाडीतला न बदललेला नकाशा विरारहून सफाळ्याला जाणाऱ्याला आजही हायवेनेच फिरवून नेईल.

मग तर अपडेट करायलाच हवे, असे कोणी म्हणेल. पण हिशेब करा. पैसे भरून नवा पूल आणि नवी बोट स्क्रीनवर दिसेल. बोटीची वेळ आज बदलली आहे का, ते दिसणार नाही. गटारासाठी काल खणलेला रस्ता, लग्नाच्या मंडपाने अडवलेली गल्ली, मिरवणुकीसाठी वळवलेली वाहतूक, यातले काहीही दिसणार नाही. पावसाळ्यात तर विचारूच नका. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी चढून लोकल बंद पडल्या, वसईत मिठागराच्या वस्तीत माणसे अडकली. अशा दिवशी तुळिंज, आचोळे, एव्हरशाईन यांपैकी कुठे पाणी आहे आणि कुठे नाही, हे नाक्यावरचा रिक्षावाला सांगतो. मेमरी कार्ड सांगत नाही, ते कितीही नवे असले तरी.

मोबाईलचा नकाशा निदान कोंडी तरी दाखवतो, आणि त्याचे वेगळे पैसे नाहीत. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार, चालकाचे लक्ष विचलित होत नसेल तर रस्ता शोधण्यापुरता मोबाईल वापरायला परवानगी आहे. तो स्टँडवर लावावा, निघण्याआधी ठिकाण टाकून ठेवावे. नेटवर्क जाईल अशी भीती असेल तर त्या भागाचा नकाशा घरूनच डाउनलोड करता येतो. गाडीतल्या नकाशाची सगळ्यात मोठी बाजू होती ती नेटवर्कशिवाय चालण्याची. तीही अशी बरीचशी निघून गेली.

याचा अर्थ मोबाईलवर डोळे मिटून विश्वास ठेवावा असा नाही. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्री नकाशा बघत निघालेली एक गाडी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर गेली आणि चालक बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात रामगंगेवरच्या तुटलेल्या पुलावरून गाडी कोसळून तिघे गेले. नकाशा कुणाचाही असो, तो बातमीसारखा असतो. बाराव्या शतकात अल-इद्रीसीने सिसिलीच्या राजासाठी जगाचा नकाशा आणि ग्रंथ तयार केला, त्यात आपले सोपारेही 'सुबारा' म्हणून येते. इद्रीसी इकडे कधी आला नव्हता. खलाशी आणि व्यापारी सांगतील ते तो लिहीत होता. आजच्या नकाशांचेही तेच आहे. जागेवरच्या माणसाने कळवले तरच पूल पडल्याचे त्यांना कळते.

म्हणून या प्रश्नात मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. आमच्या मोहल्ल्यात सेकंडहँड गाडी घेऊन टुरिस्टचा धंदा करणारी पोरे आहेत. हाजीमलंग, शिर्डी, वणी अशी भाडी ती मारतात. मोफत अपडेटची मुदत बहुतेक वेळा पहिल्या मालकाकडेच संपलेली असते. काही हजार रुपये म्हणजे त्यांची कित्येक दिवसांची कमाई. नकाशा गाडीबरोबर विकला, तर तो कोणत्या वर्षापर्यंत फुकट ताजा करून मिळेल आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर झाल्यावर काय, हे कंपन्यांनी विक्रीच्या कागदावरच छापावे. आपणही गाडी घेताना मायलेजसोबत हे विचारावे.

दुसरी गोष्ट सरकारी खात्यांची. रस्ता बंद करण्याची नोटीस वर्तमानपत्रात छापून काम संपत नाही. ती नकाशा कंपन्यांनाही त्याच दिवशी गेली पाहिजे. जुलै २०२५ च्या अखेरीस पालघरहून मुंबईला नेत असलेली एक रुग्ण महिला हायवेवरच्या कोंडीत ॲम्ब्युलन्स अडकल्याने वाटेतच दगावली. घोडबंदरच्या कामामुळे अवजड वाहने इकडे वळवली होती. तिथे ताज्यातला ताजा नकाशाही काय करणार होता? रस्ताच एक होता. पण वाहने वळवणार हे आधी नीट कळते, तर ॲम्ब्युलन्सवाल्याला निघण्यापूर्वीच दुसऱ्या हॉस्पिटलचा विचार करता आला असता.

तोवर सर्व्हिस सेंटरवाल्याला विचारा, फुकट आहे का? नसेल तर तेवढ्या पैशांत वायपरचे नवे ब्लेड बसवा आणि टायर तपासून घ्या. आपल्या पावसात त्यांचा उपयोग जास्त आहे.