‘नॉर्मल आहे’ म्हणायच्या आधी



आज एक कबुली द्यायची आहे, आणि ती देता देता एक मतही मांडायचं आहे. विषय तसा लहान वाटेल. महागड्या गाडीत आतून येणारे बारीक आवाज. टिकटिक, किरकिर, चुरचुर. माझं मत एवढंच, की असा आवाज ज्याला ऐकू येतो त्याचं म्हणणं आधी खरं धरावं आणि तपास मग करावा. आम्ही बरोबर उलटं करतो. मी स्वतः वर्षभर उलटं केलं.

1986 साली मी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये कामाला लागलो. शेजारी फौंड्री. तिकडं कास्टिंगच्या फेटलिंगचे ग्राइंडर दिवसभर चालायचे, इकडं आमच्या लेथ आणि बोरिंग मशीन. कानात बोळे घालायची पद्धत नव्हती. कुणी घातले तर बाकीचे हसायचे. पण मशीनचं ऐकायचं कसं ते तिथंच शिकलो. स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, आणि आत गोळी खराब झालीय का ते सांगायचं. माझा अंदाज सहसा चुकत नसे. त्याचा थोडा गर्वही होता. 2019 ला रिटायर झालो तो गर्व घेऊनच.

गाडी म्हणाल तर आमच्या घरात आधी स्कूटर आली, मग सेकंड हँड फियाट. फियाटची चेष्टा तुम्हाला माहीतच आहे, हॉर्न सोडून सगळं वाजतंय. खानापूर रोडला लागलो की दरवाजे, काचा, डिकी सगळे एका सुरात. त्या गोंगाटात एखादी टिकटिक वेगळी ऐकू यायचा प्रश्नच नव्हता.

दोन वर्षांपूर्वी मुलगा बंगळुरात नवीन गाडी घ्यायला निघाला आणि त्याची जुनी जर्मन गाडी त्यानं आम्हाला दिली. "बाबा, आता आईला त्या खडखड्यातून फिरवू नका," म्हणाला. जुनी म्हणजे चार वर्षांची. दरवाजा लावला की बाहेरचं जग बंद. पहिले पंधरा दिवस मी उगीचच तिसऱ्या रेल्वे गेटपर्यंत चक्कर मारून यायचो.

मग ही एक दिवस म्हणाली, "अहो, माझ्या कानाशी कायतरी टिकटिक आवाज येऊलाय."

मी म्हटलं, "काय नाही गं. एवढ्या गाडीत कसला आवाज?"

इथंच पहिली चूक. एवढ्या गाडीतच असा आवाज जास्त जाणवतो. महागड्या गाडीत इंजिनाचा आवाज दाबलेला असतो, दरवाज्याला दुहेरी रबर असतं, काचेच्या दोन थरांमध्ये आवाज अडवणारा पडदा असतो. मोठे आवाज गेले की त्यांच्याखाली झाकलेले लहान आवाज वर येतात. रात्री घर शांत झाल्यावर नळाचा थेंब ऐकू येतो, तसंच. इलेक्ट्रिक गाडीत तर इंजिनच नाही, त्यामुळं तिथं हा त्रास आणखी लवकर कळतो. गाड्या बनवणाऱ्यांकडं या आवाजांवर काम करणारी वेगळी माणसं असतात. म्हणजे हे मनाचे खेळ नव्हेत.

1958 साली डेव्हिड ओगिल्वीनं रोल्स-रॉइसची एक जाहिरात केली होती. साठ मैलांच्या वेगाला गाडीत सगळ्यात मोठा आवाज विजेच्या घड्याळाचा येतो, असा तिचा मथळा होता. जाहिरात गाजली, कारण लोकांना शांततेचं कौतुक वाटलं. मला मात्र आता त्यातलं घड्याळ दिसतं. गाडी कितीही शांत करा, शेवटी काहीतरी एक टिकटिकत राहतंच. आणि ते नेमकं कुणाच्या तरी कानाशी असतं.

हिच्या तक्रारीवर मी सर्व्हिसिंगच्या वेळी वर्कशॉपमध्ये सांगितलं. ते वर्कशॉप परगावी, त्यामुळं गाडी सकाळी सोडायची आणि संध्याकाळी घ्यायची. तिथल्या मुलानं एकट्यानं एक चक्कर मारली आणि कागदावर लिहून दिलं, आवाज आढळला नाही. तोंडानं म्हणाला, "सर, हे नॉर्मल आहे." आढळला नाही तर नॉर्मल काय आहे, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. कारण मलाही तेच हवं होतं. घरी येऊन मी हिला कागद दाखवला. एखाद्या निकालपत्रासारखा.

दुसऱ्या खेपेलाही तसंच झालं. मग ही बोलायची थांबली. आणि काही दिवसांनी मागच्या सीटवर बसायला लागली. "पाठीला बरं पडतं," म्हणाली. मी मान डोलावली. चाळीस वर्षं शेजारी बसलेलं माणूस मागं जाऊन बसतंय, आणि मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

यंदा मे महिन्यात नात आली होती. नऊ वर्षांची. आम्ही चोर्ल्यावरून गोव्याला, कवळ्याला शांतादुर्गेच्या दर्शनाला निघालो. पुढं माझ्या शेजारी नात, मागं ही. जांबोटी सोडून कणकुंबीकडं जाताना रस्ता कसा आहे ते या वाटेनं जाणाऱ्यांना सांगायला नको. नात म्हणाली, "आजोबा, इथं टिकटिक वाजतंय." मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, "असं कसं काही नाही? सारखं येतंय की! तुम्हाला ऐकू येत नाही?"

आरशात पाहिलं तर ही खिडकीबाहेर बघत होती. एक शब्द बोलली नाही.

पोरीनं फोनवर आवाज रेकॉर्ड केला आणि बापाला पाठवला. त्याचं लगेच उत्तर, "स्पष्ट येतेय टिकटिक. सीटबेल्टच्या बाजूनं असेल, बाबांना बघायला सांग." बंगळुरात ऐकू आला. साखळीला चहाला थांबलो तेव्हा मी तोच फोन कानाला लावून ऐकला. मला नुसती गाडीची घरघर आली. टिकटिक नाही. एकदा नाही, चारदा ऐकलं.

बेळगावला परतल्यावर कान तपासून घेतले. काचेच्या खोलीत बसवून हेडफोन लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. आलेख हातात दिला तेव्हा त्यात 4000 हर्ट्झजवळ खड्डा दिसला. डॉक्टरनी बघताक्षणी विचारलं, "कारखान्यात होता काय?" मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलेल्यांचे कान बहुधा तिथूनच जायला लागतात. जाड आवाज नीट येतात, बारीक जातात. लहान मुलांचं आणि बायकांचं बोलणं अर्धवट कळतं, ‘स’ आणि ‘फ’ सारखे बारीक वर्ण निसटतात. गेलेलं परत येत नाही. आपल्याकडं कारखान्यात आठ तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा आहे, ते नियमाचं झालं. फेटलिंगच्या शेजारी तो नियम कुणी मोजला?

म्हणजे बेअरिंगची गोळी ओळखणारा मी, बायकोच्या कानाशी वर्षभर वाजत होतं ते ओळखू शकलो नाही. आणि ऐकू येत नव्हतं एवढ्यावर थांबलो नाही. मला येत नाही म्हणजे नाहीच, असं ठरवून टाकलं.

आता आवाज सापडला कसा ते सांगतो, कारण तेही उपयोगाचं आहे.

आमच्या ओळखीचे एक कुशनवाले मामा आहेत. सीट शिवणं, छताचं कापड लावणं हे त्यांचं काम. मी गाडी चालवायला, मामा डाव्या सीटवर, ही मागं. खराब रस्त्यावर वीसच्या वेगानं. मामा एकेका ठिकाणी तळवा दाबून धरत होते. डॅशबोर्ड, दरवाजा, हातरेस्ट. ही मागून सांगत होती, "अजून येऊलाय… येऊलाय… थांबला!" त्या वेळी मामांचा हात दोन दरवाज्यांमधल्या खांबावर होता. सीटबेल्ट वर-खाली करायच्या सरकपट्टीवर. "इल्ले ऐतिरी," मामा म्हणाले. इथंच आहे. पट्टीचं प्लास्टिक मागच्या प्लास्टिकवर आपटत होतं. मामांनी काहीही न उघडता कडेला फेल्टची पातळ पट्टी सरकवली, बेल्ट वर-खाली होतो का आणि ओढल्यावर अडतो का ते दोनदा बघितलं. दीडशे रुपये घेतले. दहा मिनिटांचं काम.

यावरून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

एक, गाडी एकट्यानं चालवून आवाज सापडत नाही. एकानं चालवायचं, दुसऱ्यानं हात लावून बघायचं, आणि ज्याला ऐकू येतो त्याला ज्या जागी येतो त्याच जागी बसवायचं. वर्कशॉपमध्येही हट्ट धरा की त्यांचा माणूस तुमच्यासोबत बसेल. कोणत्या वेगाला, कोणत्या रस्त्यावर, गाडी गार असताना की तापल्यावर, हे लिहून न्या. फोनवर रेकॉर्डिंग असेल तर आणखी बरं.

दोन, आधी घरचं तपासा. चष्म्याचा कप्पा, दरवाज्यातली बाटली, हातरेस्टखालची चिल्लर, मागच्या सीटच्या बेल्टचं लोंबतं बकल, डिकीतला जॅक आणि पाने, सीटच्या डोक्याची उशी. हे एकेक काढून चक्कर मारा. निम्मे आवाज इथंच संपतात. दरवाज्याचं किंवा सनरूफचं रबर कुरकुरत असेल तर पुसून त्याला रबराचं सिलिकॉन ग्रीस लावा. गंज सोडवायचं स्प्रे तेल रबरावर मारू नका.

तीन, डॅशबोर्ड उघडायला घाई करू देऊ नका. आतल्या प्लास्टिकच्या क्लिपा एकदा काढल्या की पहिल्यासारख्या बसतीलच असं नाही. एक आवाज घालवायला गेलं आणि तीन घेऊन आलं असं होतं. खांबात आणि छताच्या कडेला एअरबॅग आणि बेल्टची यंत्रणा असते. तिथलं आवरण काढायची वेळ आली तर ते काम अधिकृत वर्कशॉपचंच.

चार, सगळेच आवाज आतले नसतात. ब्रेक मारताना, स्टिअरिंग वळवताना किंवा खड्ड्यात चाक गेल्यावर खालून ठक्क आवाज येत असेल तर तो सस्पेन्शनचा किंवा चाकाचा असू शकतो. त्याला फेल्ट लावायचं नसतं, त्याच दिवशी दाखवायचं असतं. आणि काही आवाज खरोखर नॉर्मल असतात. उन्हात तापलेल्या गाडीत एसी लावल्यावर प्लास्टिक कडकतं, गाडी बंद केल्यावर पंखा थोडा वेळ फिरतो. पण नॉर्मल आहे असं म्हणायचा हक्क तो आवाज ऐकल्यावर मिळतो, त्याआधी नाही.

कुणी म्हणेल, ही पोट भरलेल्यांची तक्रार आहे. लोक बसमध्ये लोंबकळत जातात आणि तुम्हाला टिकटिक सहन होत नाही. मान्य आहे. फियाटमध्ये आम्हीही सहन केलंच. टिकटिकीनं कुणी मरत नाही, हेही खरं. पण मला आता वाटतं, तक्रार लहान असली की ती उडवून लावणं सोपं जातं, आणि ती सवय लहान तक्रारीपाशी थांबत नाही. वर्कशॉपनं मला उडवलं तेव्हा मला राग आला होता. मी घरी तेच केलं तेव्हा मला ते शहाणपण वाटलं. माझ्या कामाच्या दिवसांत ऑपरेटर येऊन सांगायचा, साहेब मशीनचा आवाज बदललाय, तेव्हा मी हातातलं काम टाकून जायचो. ऑपरेटरवर जेवढा विश्वास ठेवला तेवढा घरच्या माणसावर ठेवला नाही.

उद्यमबागेत काम केलेल्या माझ्या वयाच्या मंडळींना एक विनंती आहे. कान तपासून घ्या. घरचे टीव्हीचा आवाज कमी करा म्हणत असतील, नातवंडं एकच गोष्ट तीनदा सांगत असतील, तर चूक त्यांची नसेल. आणि जे अजून कामावर आहेत त्यांनी कानाला मफ लावा. हसणारे हसूदेत.

मी आता यंत्र लावलंय. पहिल्या दिवशी कागदाचा आवाज, चपलेचा आवाज, सगळं अंगावर आल्यासारखं झालं. हिला म्हटलं, घरात एवढा आवाज असतो? ती म्हणाली, "असतोय की. कधीपासनं."

परवा कॅम्पात जायला निघालो. ही गाडीपाशी आली, मागचा दरवाजा उघडायला हात घातला, मग थांबली आणि पुढं येऊन बसली. बेल्ट लावला, खांबाकडं कान केला. थोडं पुढं गेल्यावर मी विचारलं, "येतोय काय गं?"

"नाही," म्हणाली. मग थोड्या वेळानं, "पण तुमच्या बाजूच्या दारातनं कायतरी चुरचुरतंय."

मी गाडी बाजूला घेतली.