गरोदर बाईच्या 'नाही'चं काय?



गेल्या पावसाळ्यात धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही गरोदर बायकांची बैठक घेतली. अंगणवाडीची एकच खोली, बाहेर पाऊस, दारात कोंबड्या. अमृत आहार योजनेचं जेवण तिथेच मिळतं, म्हणून बायका जमल्या होत्या. रक्त किती भरलं, लोहाच्या गोळ्या खाता की कुठे टाकून देता, बाळंतपणाला कुठे जाणार, असे नेहमीचे प्रश्न झाले. उठता उठता सातव्या महिन्यातली एक बाई आमच्या कार्यकर्तीच्या कानाशी लागली. (माझी पावरी अजून मोडकीतोडकीच आहे, त्यामुळे अशा गोष्टी माझ्यापर्यंत दुसरीच्या तोंडूनच येतात.) तिचं म्हणणं एवढंच होतं : नवरा रात्री पिऊन येतो, जवळ येतो, नको म्हटलं तरी ऐकत नाही. ओटीपोटात दुखतं. दोनदा लुगड्याला लाल लागलं. बाळाला काही होईल का? आणि हे नर्सबाईंना सांगितलं तर त्या नवऱ्याला सांगतील का?

तिचं कार्ड मी पाहिलं. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, धनुर्वाताची इंजेक्शनं, सगळं नीट भरलेलं. धोक्याच्या लक्षणांमध्ये रक्तस्रावही छापलेला होता. पण तिला कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर 'कधी जातं, कशानंतर जातं' हेही विचारावं लागलं असतं, आणि तिथे आपली सगळ्यांचीच जीभ अडखळते. समाजकार्यातली माझी पदव्युत्तर पदवीही त्या दिवशी थोडीशी अडखळलीच.

आधी माहितीचं बोलू, कारण ती आपल्या कार्यकर्त्यांकडेही अर्धवटच असते. गरोदरपण सुरळीत असेल आणि बाईची इच्छा असेल तर संबंध ठेवल्याने बाळाला इजा होत नाही. बाळ पाण्याच्या पिशवीत असतं, गर्भाशयाचं तोंड बंद असतं. म्हणजे 'नऊ महिने हात लावायचा नाही' हा नियमही खरा नाही आणि 'बायको आहे, चालतं सगळं' हेही खरं नाही. रक्त जात असेल, पाणी जात असेल, वार खाली असेल किंवा आधी दिवस भरण्यापूर्वी बाळंतपण झालं असेल, तर डॉक्टरांना दाखवेपर्यंत संबंध बंद. गरोदरपणात अंगावरून पांढरं थोडं जास्त जातंच. पण त्याला वास येत असेल, खाज सुटत असेल, रंग हिरवट-पिवळा असेल तर तो आजार आहे आणि त्याला औषध आहे.

यातली एक गोष्ट मात्र कोणीच सांगत नाही. निरोध आपल्याकडे मूल नको म्हणून वापरतात. पोट राहिलं की बाई कुटुंबनियोजनाच्या यादीतून बाहेर पडते आणि निरोधही तिच्या घरातून बाहेर पडतो. 'आता पोट आहेच, मग त्याचं काय काम?' हे मी बायकांच्याच नव्हे, आरोग्य कर्मचाऱ्यांच्या तोंडूनही ऐकलं आहे. आमच्या भागात दिवाळी झाली की माणसं गुजरातेत नाहीतर ऊसतोडीला कामाला जातात. कधी जोडीने, कधी नवरा एकटाच. बाईची एचआयव्ही आणि गरमीची तपासणी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात होते. ती चांगली निघते, कार्डावर तशी नोंद होते. नवरा होळीला परत येतो. तोवर तिला सातवा-आठवा लागलेला असतो. या चार महिन्यांत तो काय घेऊन आला असेल हे त्याला कोणी विचारत नाही, आणि तिचं रक्तही पुन्हा कोणी घेत नाही. गरमीवर वेळेत उपचार झाले नाहीत तर पोटातलं मूल दगावू शकतं. आणि उपचार म्हणजे पेनिसिलिनचं साधं इंजेक्शन. एचआयव्हीवर औषधं घेतली नाहीत तर आईकडून मुलाला लागण होण्याचं प्रमाण 15 ते 45 टक्के असतं, घेतली तर ते 5 टक्क्यांच्याही खाली आणता येतं. गरोदरपणातच नव्याने लागण झाली तर बाळाला धोका जास्त. बाईला औषध दिलं आणि नवऱ्याला मोकळं सोडलं, तर महिन्याभरात ती पुन्हा होती तिथेच.

1989 मध्ये डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा गडचिरोलीचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोन खेड्यांतल्या 650 बायका तपासल्या, त्यांतल्या 92 टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. आधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. आपल्या शिबिरांत आपण हे आकडे कितीदा सांगितले असतील! त्यानंतर आशा आल्या, रुग्णवाहिका आल्या, दवाखान्यात बाळंतपणं वाढली. पण दवाखाना अजून बाईच्या पोटाशीच बोलतो, बाईशी बोलत नाही.

तर त्या बाईला आम्ही नंदुरबारला नेलं. सोनोग्राफीत वार खाली असल्याचं दिसलं. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं : पूर्ण विश्रांती, संबंध वर्ज्य. तो कागद कार्यकर्तीने नवऱ्याला वाचून दाखवला आणि त्याने तो मानला. मुकाट्याने मानला. इतके दिवस बायको तोंडाने जे सांगत होती तेच कागदावर होतं, फक्त खाली सही आणि शिक्का होता. बाळंतपण सुखरूप झालं. महिन्याभराने तिचा निरोप आला : त्या कागदाची मुदत किती?

मी तिला दीड महिना सांगितला, कारण बाळंतपणानंतर साधारण तेवढं थांबायला सांगतात. पण तिने विचारलं होतं ते हे नव्हतं.

या भागात देज देऊन लग्न होतं. आम्हाला शहरातल्या हुंड्यापेक्षा ते बरं वाटायचं. पण 'देज मोजलंय' हे वाक्य रात्री कसं वापरलं जातं तेही आता ऐकलंय. याच जिल्ह्यात, शहाद्याकडे, सत्तरच्या दशकात श्रमिक संघटनेतल्या बायकांनी दारूची मडकी फोडली आणि बायकोला मारणाऱ्याला गावासमोर उभं केलं. त्यामुळे मारहाणीवर आमच्या बैठकांत मोठ्याने बोलता येतं. अंथरुणावरच्या जबरदस्तीवर अजून कानातच.

कायदाही तिथे अर्धाच बोलतो. सज्ञान बायकोवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती 2024 मध्ये आलेल्या भारतीय न्याय संहितेतही बलात्काराच्या बाहेरच आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात मात्र लैंगिक छळ धरलेला आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं. आणि 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गर्भपाताच्या कायद्यापुरता नवऱ्याचा बलात्कारही बलात्कारच धरायचा. जबरदस्तीतून राहिलेला गर्भ 24 आठवड्यांपर्यंत पाडता येतो. त्यासाठी पोलिसांत गुन्हा नोंदवलेला असावा लागत नाही. सज्ञान बाईला नवऱ्याची सहीही लागत नाही, तरी एका दवाखान्यात आमच्यासमोर ती मागितली गेली. हा निकाल प्रत्येक गटाने छापून जवळ ठेवावा.

अठराच्या आतल्या मुलींचं कोडं वेगळं आहे. पोक्सोमुळे दवाखान्याला पोलिसांत कळवावंच लागतं, म्हणून घरचे मुलीला तपासणीलाच नेत नाहीत, नाहीतर वय वाढवून सांगतात. गर्भपातासाठी आलेल्या मुलीचं नाव, तिने आणि पालकाने विनंती केली तर, पोलिसांना न देण्याची मुभा त्याच निकालाने डॉक्टरांना दिली. मूल ठेवणाऱ्या मुलीला असा आडोसा नाही. हा कायदा नको असं मी म्हणणार नाही, पण त्याच्या भीतीने सोळा वर्षांची पोर घरातच बाळंत होत असेल तर आपण गप्प राहू शकत नाही. यावर गटांमध्ये मतभेद आहेत. ते लिहून पाठवा, पुढच्या अंकात छापू.

मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र दोन दशकांहून जास्त काळ चालू आहे. तिथे परिचारिकांना बायकांशी हिंसेविषयी एकांतात बोलायला शिकवलं. आमच्याकडे एकांतच नाही. एका खोलीत वजनकाटा, सासू, नवरा आणि दहा बायका. म्हणून दर महिन्याच्या 9 तारखेला, सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीच्या दिवशी, आम्ही दोन गोष्टी मागतो आहोत. एक पडदा आणि पडद्यामागे सोबतच्यांना बाहेर ठेवून पाच मिनिटं. दुसरं, सोबत आलेल्या नवऱ्यांना तिथेच बसवून त्यांची रक्ततपासणी, आणि बाहेरगावाहून परतलेल्याच्या बायकोची पुन्हा एकदा.

एका उपकेंद्रात पडदा लागला आहे. जुन्या लुगड्याचा आहे, बायकांनीच शिवला.