नेढ्यातले आकाश

कॅनबरा येथील ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाच्या उद्यानात २०१० सालापासून एक आगळी कलाकृती उभी आहे. जेम्स टरेल या अमेरिकन कलावंताने ती घडवली. लालसर भिंतींच्या पिरॅमिडात पाण्याचे कुंड, कुंडाच्या मध्यभागी बेसॉल्ट दगडाचा स्तूप आणि स्तूपातील दालनाच्या छताला एक वाटोळे छिद्र. बाकावर बसावे आणि त्या छिद्रातून आकाश पाहावे, एवढाच तेथील कार्यक्रम. पहाटे आणि सायंकाळी दालनातील मंद दिव्यांचे रंग पालटतात, तसतसे माथ्यावरचे आकाशही रंग बदलत असल्याचा भास होतो. वास्तविक आकाश नेहमीचेच असते; पाहणाऱ्याचे लक्ष तेवढे प्रथमच त्याच्याकडे गेलेले असते.

ज्या समाजाला आकाशाकडे पाहण्यासाठी संग्रहालयात जावे लागते, त्याची कीव करण्याचा मोह आपल्याला होईल. राजगडाच्या सुवेळा माचीवरील नेढे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तर तो अधिकच होईल. नेढे म्हणजे सुईचे भोक. येथे ते निसर्गानेच सह्याद्रीच्या काळ्या कातळात पाडले आहे आणि त्याच्या चौकटीतले आकाश पाहण्यास तिकीट पडत नाही. नेढ्यापर्यंत चढून जाण्याचीही गरज नाही. तोरणा, राजगड, रायरेश्वर यांच्या कुशीतील कोणत्याही गावाबाहेर हिवाळ्यातील अमावास्येच्या रात्री उभे राहावे. डोंगरांच्या भिंती आणि ताऱ्यांचे छत असलेले दालन आयते लाभते.

परंतु हा अभिमान फार काळ टिकेल, अशी चिन्हे नाहीत. भोर आणि वेल्हे येथून पुण्याच्या दिशेला पाहिले, तर रात्री क्षितिजावर फिकट उजेडाची साय धरलेली दिसते. शहर महामार्गाने दक्षिणेकडे सरकत आहे. धरणांच्या काठी शेतघरे आणि विश्रामस्थाने उभी राहत आहेत आणि त्यांच्या कुंपणावरील प्रखर पांढरे दिवे कोणी येवो न येवो, रात्रभर जळत असतात. पांढऱ्या प्रकाशातील निळा अंश हवेत अधिक विखुरतो. त्यामुळे असा एक उघडा दिवाही डोंगरापलीकडचे आकाश धुरकट करू शकतो. मृगाच्या सुमारास याच भागात काजवे पाहण्यासाठी गर्दी लोटते. काजव्याची लुकलुक ही त्याची जोडीदाराला घातलेली साद असते. मोटारींच्या झोतात आणि विजेऱ्यांच्या उजेडात ती साद हरवते, म्हणजेच काजव्यांच्या पुढच्या पिढीवर घाला पडतो. जे पाहण्यासाठी आपण जातो, तेच आपल्या जाण्याने नाहीसे व्हावे, हा प्रकार शहाणपणाचा नव्हे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. विजेची वाट पाहण्यात ज्या वाड्यावस्त्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांना पुण्याच्या लोकांनी अंधाराचे माहात्म्य सांगावे काय? पावसाळ्यात साप-विंचवाचे भय असलेल्या अंगणात दिवा हवाच. एस. टी.तून उतरून वाडीकडे चालत जाणाऱ्या विद्यार्थिनीच्या वाटेवरही तो हवा. शहरी माणसाच्या रंजनासाठी खेड्याने काळोखात राहावे, अशी मागणी करणे निव्वळ निर्दयपणाचे ठरेल. मात्र ज्या उजेडाने तारे बुजतात, तो या अंगणातील वा वाटेवरील नसतो. तो आभाळाकडे उधळलेला, म्हणजे कोणाच्याच उपयोगी न पडलेला असतो आणि त्याचे बिल मात्र भरावे लागते. दिव्याला वरून झाकण घालावे, रंग पिवळसर निवडावा आणि गरज संपताच तो विझवावा. यात वाटसरूचे काही बिघडत नाही. उलट डोळे दिपत नसल्याने वाट अधिक स्पष्ट दिसते.

हे स्वप्नरंजन नाही. पेंच व्याघ्रप्रकल्पाच्या महाराष्ट्रातील भागाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी परिसरातील गावांचे दिवे काढून टाकले नाहीत. शंभराहून अधिक दिवे बदलून जमिनीकडे प्रकाश टाकणारे बसविण्यात आले. जे विदर्भातील खेड्यांना जमले, ते भोर-वेल्ह्याच्या ग्रामपंचायतींना अशक्य का वाटावे? बांधकामाची परवानगी देतानाच दिव्यांविषयीची अट घालता येईल. आरंभ मात्र ऐपतदारांच्या कुंपणांपासून व्हावा, गरिबाच्या ओसरीपासून नव्हे.

राजगडाचा समावेश जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. या मानाबरोबर प्रवासी येतील, सोयी येतील आणि गडाला रोषणाई करण्याचा उत्साहही येईल. त्या उत्साहाला आताच आवर घातला पाहिजे. तटाचा दगड ढासळला, तर तो पुन्हा बसवता येतो, पण त्या तटावरून शिवकाळी दिसणारे आकाश हाही वारसाच आहे, याची नोंद कोणत्याही यादीत नसते. ती निदान शाळेत तरी घेतली जावी. शिक्षकांनी वर्षातून एकदा मुलांना रात्री मैदानावर नेऊन आकाशगंगा दाखवावी. त्याला अनुदान लागत नाही, दुर्बीणही लागत नाही. लागतो तो फक्त अंधार, आणि भोर-वेल्ह्यात तो अद्याप शिल्लक आहे.