सहीपुरती संमती

उमरेड-भिवापूरकडील मिरचीच्या सातऱ्यावर देठे खुडणारी मजूर स्त्री गरोदर राहिली, की एक दिवसाची मजुरी बुडवून सोनोग्राफीला जाते. केंद्राच्या भिंतीवर गर्भलिंगनिदान हा गुन्हा असल्याची पाटी असते. 'एफ' नमुन्यातील प्रतिज्ञेखाली ती सही करते किंवा अंगठा उमटवते : मला गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही. तपासणी कशासाठी, तिच्यातून काय कळते, काय निसटू शकते, हे तिला बहुधा कोणी सांगत नाही.

ती पाटी स्त्री-चळवळीने लढून मिळविली आहे. मुंबईतील 1986 च्या मोहिमेनंतर 1988 साली महाराष्ट्राने देशातील पहिला कायदा केला. 1994 साली केंद्राने केला. त्या कायद्याचे आम्ही समर्थकच आहोत. परंतु स्त्रीला काय कळू नये याचीच काळजी त्याच्या नियमांनी अधिक वाहिली. समजावून घेतलेली लेखी संमती सुईने गर्भजल काढण्यासारख्या तपासण्यांपुरती राहिली. सोनोग्राफीला उपरोक्त प्रतिज्ञा पुरते.

रक्तस्राव, जुळे, आडवे मूल अशा प्रसंगी हे यंत्र जीव वाचविते, याविषयी वाद नाही. प्रश्न निरोगी गरोदरपणाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 साली चोविसाव्या आठवड्यापूर्वी एक सोनोग्राफी सुचविली. दिवस नेमके कळतात, जुळे व काही व्यंगे लक्षात येतात, हा तिचा लाभ. मात्र पंधरा हजारांवर कमी जोखमीच्या स्त्रियांच्या, 1993 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात सरसकट दोनदा सोनोग्राफी करूनही अर्भकांच्या प्रकृतीत फरक आढळला नाही. चोविसाव्या आठवड्यानंतरच्या सरसकट तपासणीचाही लाभ सिद्ध झालेला नाही. तरीही ऐपत असलेल्या घरी महिन्यागणिक पडद्यावर बाळ पाहिले जाते. इकडे मजुरिणीला आवश्यक ती एकही वेळेवर मिळेल याची शाश्वती नसते. यंत्र आहे तर ते चालले पाहिजे, हा भांडवलाचा न्याय. गरज तेथे तो पाहत नाही.

शिवाय या चित्रातून व्यंग निघाले, तर गर्भ ठेवावा की नाही, हा निर्णय तिच्याच पदरी येतो. 2021 च्या दुरुस्तीने गर्भपाताची मुदत विशिष्ट स्त्रियांसाठी चोविसाव्या आठवड्यापर्यंत वाढली; गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने ती मुदत आड येत नाही. खोलीत शिरण्यापूर्वी तिला हे माहीत असू नये काय?

म्हणून शासनाने त्याच 'एफ' नमुन्यावर सोप्या मराठीत चार ओळी वाढवाव्यात : तपासणीचा हेतू, तिच्या मर्यादा, खर्च, आणि ती नाकारण्याचा अधिकार. वाचता न येणाऱ्या स्त्रीला त्या आशाताईंनी आधीच घरी वाचून दाखवाव्यात, आणि त्या कामाचा मोबदला आशाताईंना वेगळा मिळावा.