विकाऊ आणि क्षम्य

‘व्हीनल’ आणि ‘व्हीनिअल’ या दोन इंग्रजी शब्दांतील भेद शिकवीत बसणें म्हणजे निव्वळ पंडिती काथ्याकूट होय, असें आमच्या एका विद्वान स्नेह्यांचें मत आहे. फरक अवघ्या एका अक्षराचा. मागचापुढचा संदर्भ पाहून वाचक अर्थ लावून घेईलच, असें ते म्हणतात. हें मत आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

पहिल्या शब्दाचें मूळ लॅटिन ‘व्हेनुम’, म्हणजे विक्री. वेदांतील ‘वस्न’, म्हणजे मोल, हा त्याच कुळांतला शब्द. ज्याची सचोटी पैसे टाकून विकत घेतां येते तो मनुष्य ‘व्हीनल’. दुसऱ्याचें मूळ ‘व्हेनिया’, म्हणजे क्षमा. आत्म्याचा नाश करणाऱ्या पापाहून निराळें असें जें हलकें पाप रोमन कॅथलिक धर्मशास्त्रानें मानलें, तें ‘व्हीनिअल’. एक शब्द बाजारांतला, दुसरा प्रार्थनामंदिरांतला!

संदर्भावरचा भरंवसा तर अगदींच फोल आहे. न्यायाधीशाच्या अपराधास दोन्ही विशेषणें सारखींच शोभतात. अर्थ मात्र उलट होतो. इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर फ्रान्सिस बेकन यानें १६२१ सालीं लांच घेतल्याचे आरोप कबूल केले. ४०,००० पौंड दंड, टॉवरमध्यें कैद आणि अधिकारपदास बंदी अशी त्यास शिक्षा झाली. परंतु थोड्याच दिवसांत कैद सुटली आणि दंडही राजानें वसूल केला नाहीं. पार्लमेंटनें जें विकाऊपणाचें ठरविलें, तें राजाच्या सौम्यपणानें जवळजवळ क्षम्य होऊन बसलें. या दोन न्यायांतील अंतर सांगावयास दोन शब्दच हवेत; एकानें भागत नाहीं.

आणि इंग्रजीचें तरी कशाला? कचेरींतल्या लांचेस आपण ‘चिरीमिरी’ म्हणतों. या लाडिक शब्दांत विकाऊ आणि क्षम्य यांची गांठ आपण आपल्याच हातांनीं मारून ठेविली आहे. त्यामुळें घेणाऱ्यास लाज वाटत नाहीं आणि देणाऱ्यास चीड येत नाहीं. शब्दांतील भेद पुसला कीं मनांतील भेदही पुसट होतो, तो असा.

आमचे स्नेही ज्यास एका अक्षराचा क्षुल्लक फरक म्हणतात, तो नाहींसा झाल्यावर काय उरतें हें पाहावयास लॅटिन शिकण्याची गरज नाहीं. एखाद्या साध्या दाखल्यासाठीं कचेरीच्या बाकावर अर्धा दिवस बसलें म्हणजे पुरे.