उपग्रहाचे सुटे भाग आणि संत्र्याचे कलम

चांदूर बाजार तालुक्यातील संत्रा बागायतदाराला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. रोपवाटिकेतून आणलेले कलम जंबेरीच्या खुंटावर नीट बांधलेले आहे की नाही, मुळाशी डिंक्याची लागण आहे काय, हे लागवडीच्या दिवशी डोळ्यांना दिसत नाही. ते दिसते पाचव्या-सहाव्या वर्षी, झाड फळावर आल्यावर. तोवर विहिरीचे पाणी, खत आणि सोसायटीचे कर्ज खर्ची पडलेले असते. म्हणून जाणता बागायतदार आधी रोपवाटिकेची चौकशी करतो आणि भावाचे मागाहून बोलतो.

उपग्रह बांधणाऱ्यांची अडचण हीच आहे, फक्त अधिक निष्ठुर आहे. बिघडलेले झाड उपटून टाकता येते. ३६ हजार किलोमीटरवरील उपग्रहाला हात लावायला कोणी जात नाही. १ जुलै २०१३ रोजी सोडलेल्या आयआरएनएसएस-१ए या दिशादर्शक उपग्रहात तीन रुबिडियम आण्विक घड्याळे होती, ती स्वित्झर्लंडमधील एकाच कंपनीची. एक बिघडले तर दुसरे चालावे, म्हणून तीन ठेवली होती. जानेवारी २०१७ पर्यंत तिन्ही बंद पडली. त्याच महिन्यात युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांतील घड्याळेही बंद पडल्याचे उघड झाले आणि त्यांतील रुबिडियम घड्याळे त्याच कंपनीची होती. संख्या तीन असली तरी उगम एकच असेल तर ती सुरक्षितता कागदावरचीच ठरते. बदली म्हणून पाठविलेला १एच हा उपग्रह ३१ ऑगस्ट २०१७ रोजी प्रक्षेपकाच्या उष्णतारोधक कवचातच अडकून पडला. तो बांधण्यात बंगळूरच्या खाजगी उद्योगांचा मोठा वाटा होता. पण या अपयशात त्यांचा दोष नव्हता, हे नमूद करणे न्याय्य होईल.

अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राने घडविलेले देशी रुबिडियम घड्याळ २९ मे २०२३ रोजी एनव्हीएस-०१ मधून अवकाशात गेले. म्हणजे एका सुट्या भागाची उणीव भरून काढण्यात सहा वर्षे गेली. पुढचा एनव्हीएस-०२ जानेवारी २०२५ मध्ये कक्षेत पोहोचला खरा. परंतु त्याच्या इंजिनाला ऑक्सिडीकारक पुरविणारी झडप उघडली नाही आणि तो नियोजित कक्षेत जाऊ शकला नाही. सोडलेल्या अकरा उपग्रहांपैकी स्थाननिश्चितीची पूर्ण सेवा चारच देत आहेत, अशी माहिती जुलै २०२५ मध्ये संसदेत देण्यात आली.

परकीय पुरवठादार केवळ नादुरुस्त माल देतो असे नाही, कधी तो मालच देत नाही. रशियाबरोबरच्या क्रायोजेनिक करारावर मे १९९२ मध्ये अमेरिकेने निर्बंध घातले. १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान देण्याचे नाकारून केवळ तयार इंजिने देऊ केली. देशी इंजिनाने जीएसएलव्ही यशस्वीपणे उडाले ते ५ जानेवारी २०१४ रोजी. मोहालीच्या सेमीकंडक्टर प्रयोगशाळेला १९८९ मध्ये आग लागली. तो कारखाना पुन्हा उभा राहिला, आणि प्रक्षेपकासाठी घडविलेला ‘विक्रम’ हा ३२ बिटांचा प्रोसेसर आज तेथेच तयार झाला आहे. किरणोत्सर्गात तग धरणाऱ्या अशा वस्तूंची मागणी वर्षाला मूठभरच असते. कोणता उद्योजक तेवढ्यासाठी यंत्रे अडकवून ठेवील?

महाराष्ट्राकडे या प्रश्नाचे उत्तर आहे, पण ते घाईचे नाही. इंदापूर तालुक्यात साखर कारखान्याच्या भोवती वसलेल्या वालचंदनगरने प्रक्षेपकांची मोटर-आवरणे घडविली. विक्रोळीच्या गोदरेजने विकास इंजिने आणि उपग्रहांना दिशा देणारी छोटी इंजिने बनविली. ही विद्या त्यांना निविदेच्या दराने मिळाली नाही. इस्रोचे तंत्रज्ञ वर्षानुवर्षे कारखान्यात येत राहिले. प्रत्येक पट्टीचा धातू कोणत्या ओतीतला, जोड कोणत्या कारागिराने दिला, चाचणी कधी झाली, याची नोंद ठेवण्याची सवय तेथे लागली. नाकारलेल्या मालाचे दुःख दोघांनी वाटून घेतले, म्हणूनच हे संबंध टिकले.

२०२० नंतर अवकाशक्षेत्र खाजगी उद्योगांस खुले झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये उपग्रहनिर्मितीत ७४ टक्के आणि सुट्या भागांत १०० टक्के परकीय भांडवलास थेट वाट मिळाली. भांडवल येईलही. तथापि सरकारी खरेदीची नजर अजूनही सर्वात कमी दराच्या लिफाफ्यावर खिळलेली आहे, आणि अमरावती-अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीतील छोट्या लेथवाल्याने या क्षेत्रात यावे असे भाषणांत कितीही म्हटले, तरी एका नगासाठी कंपनाची, निर्वात पोकळीची आणि उष्णतेची चाचणी तो स्वखर्चाने कोठे करून घेणार? नागपूरला अशा चाचण्यांचे सामाईक केंद्र काढणे, पाच वर्षांच्या खरेदीची हमी देणे आणि प्रत्येक महत्त्वाच्या भागासाठी दुसरा स्वतंत्र पुरवठादार आधीच तयार ठेवणे, एवढे तरी खर्चाच्या अंदाजपत्रकात दिसावयास हवे. दुसऱ्या पुरवठादारावरचा खर्च हिशेबतपासनिसाला उधळपट्टी वाटेल. १ए च्या तीन घड्याळांची फाइल त्याने त्यापूर्वी एकदा मागवून घ्यावी.